जुन्या गाडीत दुसरे इंजिन बसवले, तर कायद्याच्या दृष्टीने ती गाडी कोणती?

गोव्यात जुनी गाडी दिसणे नवलाचे नाही. मुक्तीपूर्वी इथे परदेशी गाड्या आणणे शेजारच्या मुंबई इलाख्याच्या मानाने सोपे होते आणि खाणींचा पैसाही खेळू लागला होता. त्यामुळे आजही सासष्टीत किंवा बार्देशात एखाद्या जुन्या घराच्या बाजूला ताडपत्रीखाली मर्सिडीज, ओपेल नाहीतर बीटल उभी असते. पुढच्या पिढीने तिच्या शेजारी हेराल्ड, पद्मिनी, कॉन्टेसा आणून ठेवल्या. या गाड्यांवर माझा जीव आहे. त्या रस्त्यावर राहाव्यात असे मनापासून वाटते, म्हणूनच हे लिहितो आहे.

हल्ली अशी गाडी असलेला जो भेटतो तो एकच विचारतो : मूळ इंजिन काढून नवे घातले तर चालेल ना?

हा प्रश्न आताच का, तर त्याला दोन कारणे आहेत. पंपावरच्या पेट्रोलात आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या रबरी नळ्या आणि गास्केटांना ते सोसत नाही. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या जुन्या कार्बुरेटरचा हिशेबही बिघडतो. (यावर उपाय नळ्या, गास्केट आणि जेट बदलणे हा आहे. त्यासाठी अख्खे इंजिन काढायची गरज नाही.) दुसरे कारण नोंदणीच्या नूतनीकरणाचे. मोटारीचे हे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी १०,००० झाले. एवढे पैसे भरायचे तर गाडी धड चालली पाहिजे, असा विचार साहजिकच येतो. मग गॅरेजमध्ये कुणीतरी सुचवतो, "पात्राव, मारुतीचे इंजिन घालूया, एका स्टार्टरला उठेल."

उठेल, यात शंका नाही. अडचण पुढे आहे.

आरसीवरची एक ओळ

गाडीचे नोंदणी प्रमाणपत्र, म्हणजे आरसी, जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यासारखे असते. घराला रंग दिला, कौले बदलली तरी उतारा बदलत नाही. जागा तीच राहते. पण उताऱ्यावर एक सर्व्हे नंबर आणि प्रत्यक्षात घर दुसऱ्याच सर्व्हे नंबरात, असे निघाले तर ते घर कितीही सुंदर असले तरी कज्जा उभा राहतो. आरसीवर गाडीचे असे दोन सर्व्हे नंबर असतात, एक चासीचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा, आणि एक इंजिनाचा. शिवाय कंपनी, मॉडेल, इंधन आणि सीसी. टायर, बॅटरी, क्लच प्लेट यांचा आरसीवर उल्लेखही नसतो. इंजिनाचा असतो. आपण इंजिनाला सुटा भाग समजतो, कायदा त्याला गाडीच्या ओळखीत धरतो. बहुतेक गोंधळाचे मूळ इथेच आहे.

हे मी घरातच शिकलो. माझ्या मामांकडे १९६६ ची दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड आहे. ट्रायम्फ हेराल्डची ही भारतीय बहीण, मद्रासला बनलेली. हिचा बॉनेट मडगार्डांसकट अख्खा पुढे कलंडतो आणि समोरच्या चाकावर बसून इंजिनाचे काम करता येते. नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला नेली तेव्हा निरीक्षकांनी इंजिनाच्या बाजूच्या सपाट पट्टीवरचा गंज आणि ग्रीस रॉकेलच्या फडक्याने पुसले, त्यावर पातळ कागद धरला आणि पेन्सिल आडवी करून हळूहळू घासली. कागदावर नंबर उमटू लागला. तिसऱ्याच आकड्याला मामांचा चेहरा उतरला. आरसीवर ९४८ सीसीचे हेराल्डचे इंजिन होते. आत होते फियाटचे १०८९ सीसीचे. आधीच्या कुठल्यातरी मालकाने, बहुधा सुटे भाग मिळेनात म्हणून, ते बसवले होते. मामांनी गाडी घेऊन चौदा वर्षे झाली होती आणि दर वेळी पीयूसी, म्हणजे धूर तपासणीचे प्रमाणपत्र, व्यवस्थित मिळत होते.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याचे कलम ५२ गाडीतल्या फेरफारांविषयी आहे. त्याचा गाभा असा : आरसीवरची माहिती आणि कंपनीने मुळात ठरवलेली माहिती यांत तफावत पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. 'फेरफार' म्हणजे काय तेही तिथे सांगितले आहे. गाडीच्या मूळ वैशिष्ट्यात बदल होईल असा तिच्या रचनेतला बदल. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच कलम कडकपणे वाचले आणि मूळ नमुन्यापासून दूर नेणारे बदल मान्य होणार नाहीत असे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले. बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

म्हणजे इंजिन कधीच बदलता येत नाही का? येते. इंजिन बदलण्याचा उल्लेख त्याच कलमात आहे. दहा किंवा अधिक व्यावसायिक वाहने असलेल्या मालकांना राज्य सरकार आधी न विचारता इंजिन बदलण्याची मुभा देऊ शकते, पण त्याच कंपनीचे आणि त्याच प्रकारचे इंजिन असेल तरच. मोठ्या वाहतूकदारालाही एवढीच सवलत आहे, यावरून कायद्याचा कल कळतो. तुम्हीआम्ही आधी मंजुरी घ्यायची, त्याच जातीचे इंजिन घालायचे आणि काम झाल्यावर चौदा दिवसांच्या आत कळवून आरसीवर नवा नंबर चढवून घ्यायचा. गोव्यात यासाठी आपल्या तालुक्याच्या वाहतूक खात्याच्या कार्यालयात साहाय्यक वाहतूक संचालकांकडे जावे लागते. इतरत्र ज्यांना आरटीओ म्हणतात, त्यांचे काम आपल्याकडे हे अधिकारी करतात.

ब्लॉक, म्हणजे नंबर असलेला इंजिनाचा मुख्य ठोकळा, तोच ठेवून बोअर करणे, स्लीव्ह घालणे, क्रँक ग्राइंड करणे, ओव्हरसाइझ पिस्टन टाकणे ही झाली दुरुस्ती. त्यात इंजिनाचा नंबर बदलत नाही. माझे मत विचाराल तर दहातल्या आठ जुन्या गाड्यांना एवढेच पुरेसे असते. चांगला टर्नर आणि धीर असलेला मेस्त्री मिळाला पाहिजे, एवढेच.

"पण नवे इंजिन तर जास्त स्वच्छ असते!"

हा आक्षेप मला सर्वांत प्रामाणिक वाटतो, म्हणून त्यावर जरा थांबू.

गाडीच्या धुरातून जे बाहेर पडते त्याला उत्सर्जन म्हणतात. पेट्रोल गाडीत त्यातले मुख्य तीन घटक म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे. भारतात उभ्या गाडीचे इंजिन नुसते चालू ठेवून मोजलेल्या धुराची मर्यादा १९८९ मध्ये आली, नव्या पेट्रोल गाड्यांसाठीचे निकष १९९१ मध्ये. २००० पासून युरोपच्या धर्तीवर पायऱ्या चढत आपण १ एप्रिल २०२० ला बीएस-सहापर्यंत (बीएस म्हणजे भारत स्टेज, या निकषांची पायरी) पोचलो. तेव्हा २०२० नंतरचे इंजिन १९७० च्या इंजिनाहून कितीतरी स्वच्छ, हे खरेच.

पण ती स्वच्छता एकट्या इंजिनाची नसते. आपल्याकडच्या भजनाची बैठक आठवा. गाणारा, पेटीवाला, पखवाजवाला, सगळे एकमेकांचे ऐकत असतात. गाणाऱ्याने लय ओढली की पखवाजवाला लगेच सावरून घेतो. आधुनिक इंजिनात हे काम एक छोटा संगणक करतो, ज्याला ईसीयू म्हणतात. सायलेन्सरच्या नळीत बसवलेला ऑक्सिजन सेन्सर धुरात किती ऑक्सिजन उरला ते सतत कळवतो आणि ईसीयू त्याप्रमाणे पेट्रोल कमीजास्त करतो. शुद्ध पेट्रोलाच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा, हे ते प्रमाण. तेवढ्यावर राहिले तरच पुढे बसवलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तिन्ही विषारी घटकांवर एकाच वेळी काम करतो. तोही सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सिअस तापला तरच. म्हणून तो इंजिनाच्या अगदी जवळ बसवतात.

आता जुन्या गाडीत काय होते ते पाहा. स्टिअरिंगचा दांडा आड येतो म्हणून कन्व्हर्टर काढून टाकतात. सेन्सरची वायर पुरत नाही म्हणून सेन्सर काढतात. टाकीतली वाफ धरून ठेवणारा कोळशाचा डबा बसवायला जागा नसते, तोही जातो. पुष्कळदा ईसीयूच काढून वर कार्बुरेटर बसवतात. बैठकीतून पखवाज आणि पेटी उठून गेल्यावर गाणे जसे होईल तसेच मग इंजिनाचे होते. ते नवे असते, पण नव्यासारखे स्वच्छ राहत नाही.

शिवाय कंपनीला जी मंजुरी मिळते ती अख्ख्या गाडीची असते. तिला प्रकार मान्यता म्हणतात. पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेसारख्या ठरावीक संस्थांतच ती चाचणी होते. गाडी रोलरवर उभी करून ठरलेल्या वेगाने पळवतात, धूर पिशव्यांत गोळा करतात आणि दर किलोमीटरला किती ग्रॅम घाण निघाली ते मोजतात. त्यात गाडीचे वजन, गिअरचे दात, टायर सगळे धरलेले असते. आठशे किलोच्या गाडीसाठी मंजूर झालेले इंजिन बाराशे किलोच्या गाडीत घातले की ते जास्त दाबले जाते आणि आकडे पार बदलतात.

कंपन्याही इंजिन बदलतातच. कॉन्टेसा १९८४ मध्ये अँबॅसडरच्याच १४८९ सीसी इंजिनावर आली आणि एवढ्या जड गाडीला ते अपुरे पडले. पुढे तिला इसुझुचे १.८ लिटरचे इंजिन मिळाले आणि गाडीचे नशीब उजळले. हीदेखील इंजिनाची अदलाबदलच, पण कंपनीने तिची मंजुरी घेतली आणि पहिल्या नोंदणीपासूनच आरसीवर ते इंजिन लिहिले गेले.

"पीयूसी मिळते ना, मग काय?"

पीयूसी म्हणजे ताप पाहण्याचा थर्मामीटर. ताप नाही एवढे तो सांगतो. रुग्ण कोण, हे सांगत नाही.

पंपाशेजारच्या केंद्रात गाडी उभी असताना, इंजिन निष्क्रिय फिरत असताना, सायलेन्सरमध्ये नळी घालतात. जुन्या, म्हणजे बीएस-दोनच्या आधीच्या पेट्रोल मोटारीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १,५०० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत इतके भाग) चालतो. बीएस-चारच्या मोटारीला तेच ०.३ टक्के आणि २०० पीपीएम. कोणती मर्यादा लावायची हे गाडीच्या सालावरून ठरते, आत बसलेल्या इंजिनाच्या सालावरून नाही. त्यामुळे १९७५ च्या गाडीत २०१८ चे इंजिन कन्व्हर्टर काढून घातले तरी ते कार्बन मोनॉक्साइडच्या दहापट ढिल्या मर्यादेने पास होऊ शकते. चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये ते काय ओकते हे पीयूसी पाहतच नाही. पीयूसी सोबत हवेच, पण इंजिन कायदेशीर असल्याचा पुरावा म्हणून त्याला किंमत शून्य.

कॅलिफोर्नियाने या प्रश्नाचे उत्तर उलट बाजूने दिले आहे आणि मला ते पटते. तिथे १९७५ पर्यंतच्या गाड्यांना नियमित धूर तपासणी माफ आहे. त्यानंतरच्या गाडीत इंजिन बदलायचे तर ते गाडीच्याच सालचे किंवा त्यानंतरचे हवे आणि त्याच्यासोबतची सगळी प्रदूषण-नियंत्रण यंत्रणा जशीच्या तशी आली पाहिजे. सरकारने नेमलेला तपासनीस एकेक वस्तू पाहून शिक्का देतो. ब्रिटनमध्ये गाडीची ओळख बरीच वर्षे गुणांवर ठरत असे. मूळ चासीला पाच गुण, सस्पेन्शन, अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंगला दोन-दोन, इंजिनाला फक्त एक. आठ गुण राखले तर जुना नंबर टिकत असे. आपल्याकडे असा मधला मार्ग नाही. असायला हवा असे मला वाटते, पण तो येईपर्यंत आजच्या नियमानेच चालावे लागेल.

"एकाच घराण्यातले इंजिन असले तर?"

स्पोर्ट्स कारवाल्यांचा हा लाडका प्रश्न आहे आणि तो रास्तही आहे. १९५५ मध्ये आलेल्या एमजीए या दोन आसनी गाडीत सुरुवातीला ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे बी-सीरीज इंजिन होते, १४८९ सीसीचे. आपल्या अँबॅसडरमध्ये वर्षानुवर्षे चाललेले इंजिन त्याच घराण्यातले आणि तेही १४८९ सीसीचेच. मग एमजीएचे इंजिन फुटले तर अँबॅसडरचे का नको?

यांत्रिकदृष्ट्या इतकी जवळची जोडी क्वचितच सापडेल. कागदावर मात्र कंपनी वेगळी, प्रकार वेगळा आणि कार्बुरेटर व कॅमशाफ्ट वेगळे असल्यामुळे ताकदही वेगळी. अशा वेळी आधी अर्ज करावा, दोन्ही इंजिनांचे तपशील सोबत जोडावेत आणि लेखी उत्तर मिळेपर्यंत इंजिन उचलायला चेन-पुली लावू नये. अँबॅसडरच्या इंजिनातले चालतील तेवढे भाग मूळ ब्लॉकमध्ये वापरणे हा त्याहून सोपा मार्ग आहे. ब्लॉक आणि त्यावरचा नंबर जपला की बाकी पुष्कळ काही जमते.

"पन्नास वर्षांची झाली, आता तिला सूट नाही का?"

जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीला पन्नासहून अधिक वर्षे झालेल्या दुचाकी आणि चारचाकी त्यात येतात. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे आणि नंबरात राज्याच्या अक्षरांपुढे 'व्हीए' ही अक्षरे. अशी गाडी रोज बाजारात न्यायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर काढायची.

इथे एक अट अनेकांच्या नजरेतून सुटते. गाडी मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल केलेला नसावा. म्हणजे १९७२ च्या गाडीत आज परके इंजिन घातले, तर तिला मिळू शकणारा हा मान आपण आपल्या हाताने घालवतो. नुवेच्या अश्वेक व्हिंटेज वर्ल्डसारख्या संग्रहालयात जाऊन एखादी गाडी जवळून पाहा. मूळ इंजिन जागेवर असण्याने काय फरक पडतो ते शब्दांत सांगायची गरज उरत नाही.

"मग सरळ बॅटरी बसवतो"

दुसऱ्या इंधनावर नेण्याची वाट कलम ५२ ने उघडी ठेवली आहे. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरी, पण मान्यताप्राप्त कीटनेच आणि अधिकृत केंद्राकडूनच. बॅटरीच्या कीटसाठी एक तारीख लक्षात ठेवा. गाडी १ जानेवारी १९९० किंवा त्यानंतर बनलेली असावी लागते. १९७८ ची पद्मिनी या वाटेने जाऊ शकत नाही, १९९५ ची जाऊ शकते. बाजारातून मोटर आणि बॅटऱ्या आणून मेस्त्रीकडून जोडून घेतलेली गाडी मात्र कोणत्याही सालची असो, बेकायदाच.

ब्रेक आणि विमा

ही बाजू सगळे विसरतात. जुन्या पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात आणि ते चाळीसेक अश्वशक्तीच्या हिशेबाने केलेले असतात. तिच्यात दुप्पट ताकदीचे इंजिन घालून चोर्ला किंवा अनमोड घाट उतरताना ब्रेक तापले की पेडल मऊ पडते. त्या क्षणी आरसीवर काय लिहिले आहे याला अर्थ उरत नाही. विम्याच्या कागदावरही इंजिनाचा नंबर असतो. अपघातानंतर सर्व्हेअर तोच नंबर पाहतो आणि तो जुळला नाही की दाव्याला नकार द्यायला कंपनीला आयते कारण मिळते. समोरचा जखमी झाला असेल तर भरपाईचा बोजा शेवटी मालकावर येऊ शकतो.

इंजिन विकत घेण्याआधी

भंगारातून किंवा बाहेरून आलेल्या 'हाफ कट'मधून, म्हणजे अर्धी कापून आणलेल्या गाडीतून, इंजिन घेताना भावाच्या आधी कागद विचारा. ते कोणत्या गाडीतून निघाले, त्या गाडीची नोंदणी रद्द झाली का, बिलावर इंजिनाचा नंबर लिहून मिळेल का. तिन्हींचे उत्तर 'बघू' असे आले तर परत फिरा. चोरीच्या गाडीचे इंजिन आपल्या बॉनेटखाली निघाले तर पोलीस चौकीच्या खेपा चुकत नाहीत. आणि आपले जुने इंजिन कितीही मोडले असले तरी त्याचा ब्लॉक भंगारात घालू नका. ग्रीस लावून, पोत्यात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. आपल्या खाऱ्या हवेत नंबराची पट्टी दोन पावसाळ्यांत दिसेनाशी होते.

मामांची गोष्ट अर्धी राहिली. हेराल्डचे ९४८ सीसीचे इंजिन त्यांना बेळगावात एका बंद पडलेल्या गाडीत सापडले, नोंदणी रद्द केल्याच्या कागदासह. आधी अर्ज, मग मंजुरी, मग काम, असे सात महिने गेले. दुसऱ्यांदा तपासणीला गेलो तेव्हा पट्टी मी स्वतः आदल्या रात्री घासून साफ केली होती. पेन्सिल फिरली, कागदावर उमटलेला नंबर मंजुरीच्या पत्राशी ताडून पाहिला गेला आणि आठवड्याभरात नवी आरसी आली. काढलेले फियाटचे इंजिन सांग्याच्या एका गृहस्थांनी त्यांच्या पद्मिनीसाठी नेले. मामांनी त्यांना बिल करून दिले आणि त्यावर इंजिनाचा नंबर दोनदा तपासून लिहिला.